सतरा मिनिटं, डोळे मिटून

हॅलो?… कोण, अक्का?… हो, हो, मीच बोलतेय. हळू बोल… अगं नाही, मला नीट ऐकू येतंय, म्हणून तर सांगतेय हळू बोल. तुझा आवाज म्हणजे फोन नसता तरी पोचला असता.

जिन्यात बसलेय. तिसऱ्या पायरीवर, उशी घेऊन… छे गं, मला कोण काढणार घराबाहेर! सूनबाई झोपलीय आत… अकरा वाजून गेले ते मला माहीतंय. तुझ्याकडे अकरा, माझ्याकडे अकरा, फक्त तिच्याकडे मध्यरात्र चाललीय… हॉस्पिटलातली नाइट ड्यूटी गं. ओळीने सहा रात्री. काल शेवटची होती. सकाळी साडेआठला आली, एक चप्पल दारात काढली नि दुसरी थेट पलंगापाशी.

हं… हं… नाही, जेवली पण नाही. दोन घास खाऊन घे म्हटलं, तर ताटाकडे बघून मला विचारते, "आई, याच्यावर सही कुणाची घ्यायची?"… हसतेस काय! मी पण हसले म्हणा. तोंडात पदर कोंबून हसले.

अगं, मी काय काय उद्योग करते ते ऐकलंस तर म्हणशील, हिचं डोकं फिरलंय. दारावरच्या बेलची बॅटरी काढून ठेवलीय. खिडकीला काळी चादर, वर खिळे. कुकर बंद. तीन वाजेपर्यंत आमच्याकडे शिट्टी नाही, बटाटे उघड्या पातेल्यात उकडतात, निम्मा गॅस त्यात जातो… जाऊ दे गेला तर.

हो ना, मीच ती! एकतीस वर्षं शाळेत घंटा बडवली. अख्खी गल्ली माझ्या नावाने बोटं मोडत उठायची. आणि आता शेजारी चमचा पडला तरी मी शू शू करत धावते.

थांब, थांब अक्का… कोण तुम्ही? पार्सल?… अहो, ती बेल वाजत नाही… नाही, नाही, दार ठोठावू नका! हात खाली! इकडे या, इकडे… सही? पेन कुठेय?… बोटाने? या काचेवर?… बरं, ही घ्या… माझं नाव वाटत नाही? मलाही वाटत नाही. जा आता, आणि बूट जरा अलगद टाका… हां, बोल अक्का. गेला.

काय म्हणालीस?… तू पण ना! सून अकरापर्यंत लोळते नि सासू जिन्यात बसते, असंच म्हणायचंय ना तुला?… मग म्हण की. समोरची तर रोज म्हणते. तिला परवा मी सांगितलं, बाई, आज रात्रभर तुम्ही जागा, चाळीस माणसांची लघवी मोजा, दोन माणसांच्या उलट्या पुसा, नि उद्या अकराला मला भेटायला या. मग बोलू कोण किती झोपतं ते.

नुसती नाइट असती तर एक वेळ चाललं असतं गं. माणूस घुबडासारखा होतो, अंगवळणी पडतं. हिचं तसं आहे का? दोन दिवस सकाळपाळी, सहाला घराबाहेर. मग दोन दिवस दुपारपाळी, नऊला सुटायची, घरी यायला दहा. मग रात्रपाळी, कधी तीन रात्री, कधी सहा, कोण कोण रजेवर आहे त्यावर. मग एक सुट्टी… कसली सुट्टी! रात्रपाळी संपवून ज्या दिवशी सकाळी घरी येते ना, तोच दिवस सुट्टीचा धरतात. तो जातो झोपण्यात. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला उठून पुन्हा सकाळपाळी… अगं, अंगाला तरी कळायला नको का, उजाडलं कधी नि मावळलं कधी?

किती झोपते… पडलेली दिसते दिवसभर, पण खरी झोप तीन तास. फार तर साडेतीन. दिवसाची झोप ती झोपच नव्हे म्हणते. अंग इथे पडलेलं असतं, डोकं तिकडे वॉर्डात फिरत असतं.

तुला बबडीच्या गणवेशाचं सांगितलं नाही का मी?… नाही? अगं!… मागच्या महिन्यातली गोष्ट. ही संध्याकाळी साडेसहाला जागी झाली. बाहेर अर्धवट उजेड. हिला वाटलं, सकाळ झाली, उशीर झाला! मी खाली भाजी आणायला गेलेले. परत येते तर बबडी जिन्यात. गणवेश, दोन वेण्या, दप्तर, पाण्याची बाटली, सगळा थाट… नाही गं, तिला कळत होतं ना! सात वर्षांची घोडी आहे. मी विचारलं, "अगं, मग बोलली का नाहीस आईला?" तर म्हणते, "आजी, एवढी छान वेणी आई रोज कुठे घालते?"

…हो. मला पण तसंच झालं बघ. हसू आलं, नि ती वेणी सोडवायला मन होईना.

आणि त्याच वेळी आमचे चिरंजीव छापखान्यातून येत होते. ही वरून डोकावून विचारते, "अहो, आज इतक्या लवकर निघालात?" तो म्हणाला, "निघालो नाही, आलो." तरी हिला पटेना. तो म्हणे घड्याळ बघ, ही म्हणे घड्याळ बंद पडलंय. नवराबायकोची भेट काय ती जिन्यात होते, ती पण अशी!

हो, हो… अगं ऐक ना. ते राहू दे. तू फोन केलास ते एक बरं झालं. कालपासून माझ्या पोटात काहीतरी ठुसठुसतंय… नाही, दुखत नाही, ठुसठुसतंय. कुणाला सांगणार नाहीस ना?… भावोजींना पण नाही?… बरं, त्यांना अर्धं सांग.

काल ह्याच सुमाराला. ही झोपलेली, फोन उशीखाली. मी खोलीच्या दारात बसून मटार सोलत होते. तर फोन थरथरला. मी गुडघे सावरून उठेपर्यंत हिने उचलला सुद्धा. डोळे बंद. गच्च बंद. ताठ उठून बसली, केस चारी दिशांना, आणि खणखणीत आवाजात, "हॅलो, सिस्टर बोलतेय"… जागी कुठली! नर्सचं असंच असतं, तिनेच मला मागे सांगितलंय. वॉर्डात इतकी वर्षं फोन उचलून उचलून हात नि तोंड आपापलं काम करत राहतात, माणूस आत झोपलेलाच. उठल्यावर काही म्हणजे काही आठवत नाही.

काय बोलली? ते तर ऐक. ड्यूटी बदलते ना, तेव्हा जाणारी नर्स येणारीला सगळ्या पेशंटांची माहिती देते, एकेका खाटेची. ती द्यायला लागली. पण कुणाची? आमची! आमच्या घराची, अक्का!… अगं खरंच. "बेड नंबर एक, पुरुष, वय अडतीस. तब्येत स्थिर. कुरकुर चालू. वेगळं काही करायची गरज नाही"… थांब गं, हसू नको, पुढे आहे. "बेड नंबर दोन, मुलगी, वय सात. वजन कमी. दूध प्यायलं म्हणून सांगते, कुंडीत ओतते." मला माहीतच नव्हतं! ते झाड का मेलं ते मला काल कळलं.

आणि मग… "बेड नंबर तीन, वृद्ध स्त्री"… मी! मी गं! "वृद्ध स्त्री, दोन्ही गुडघे. रक्तदाबाची गोळी घेतली म्हणते, घेत नाही. गोड खाते, लपून. स्वभाव चांगला, पण ऐकत नाही"… आता तू नको सुरू होऊस. घेते मी गोळी. आजपासून घेतली.

मला वाटलं, चिमणीचा फोन असेल… चिमणी म्हणजे त्यांच्या वॉर्डातली धाकटी नर्स. एवढीशी आहे, म्हणून सगळे चिमणी म्हणतात. आठ महिन्यांचं बाळ आहे तिला, रोज ह्या वेळेला फोन करून रडते बिचारी. सूनबाई पण तिकडे "अगं चिमणे, अगं चिमणे" करत होती. मग म्हटलं चालू दे, आणि बसले ऐकत… हो, ऐकत होते, खोटं कशाला बोलू! एकच बाजू ऐकू येत होती. त्यातच तर मजा असते.

मग निघाली मेट्रनवर. मेट्रन म्हणजे सगळ्या नर्सची मुख्य. ड्यूटीचा तक्ता तीच लावते. वॉर्डात पोरींनी तिचं नाव ठेवलंय, "घड्याळ." तर ही म्हणते, "अगं चिमणे, त्या घड्याळाला काय! भिंतीवर टांगलं की झालं, त्याला कुठे आडवं व्हायचंय? आज सकाळ, परवा रात्र, की पुन्हा सकाळ, हा तक्ता आहे की पत्ते पिसलेत? ह्या बाई स्वतः वॉर्डात राबलेल्या म्हणे. मग खुर्ची मिळाली की पाय विसरतात का माणसं?" असं असं बोलली. मी मनातल्या मनात टाळ्या वाजवतेय, वा गं माझी वाघीण!

सतरा मिनिटं बोलली. मग फोन ठेवला, नि होती तशी आडवी झाली.

संध्याकाळी उठली तेव्हा सहा वाजले होते. चहा घेता घेता फोन बघते, तर एकदम पांढरीफटक. म्हणते, "आई, मेट्रनच्या ऑफिसातून फोन येऊन गेला? सतरा मिनिटं?"

…हो अक्का.

…हो. चिमणी नव्हतीच. मेट्रन. सतरा मिनिटं स्वतः मेट्रन ऐकत होती… अगं हळू! किंचाळू नको, ती उठेल!

नाही, मध्ये एकदाही ठेवला नाही बाईने… कसं माहीत म्हणजे? फोनवर लिहून येतं ना, किती वेळ बोललात ते.

हस बाई, हस. पण पुढचं ऐकलंस की नाही हसणार. त्यांच्याकडे लस टोचायची खोली आहे, तिथे एक जागा निघालीय. नऊ ते पाच. रविवारी सुट्टी. रात्रपाळी नाही, कधीच नाही. तीन वर्षं ही त्या जागेकडे डोळे लावून बसलीय गं, दोनदा अर्ज केलाय. यंदा हिचा नंबर लागला. मेट्रनचा फोन त्यासाठीच होता, हवी का म्हणून विचारायला, ते हिला रात्री वॉर्डात कळलं. आणि ही काय म्हणाली, माझ्या ह्या कानांनी ऐकलंय… "ती जागा तू घेऊन टाक चिमणे. तुझं बाळ लहान आहे. मी काय, मी काढीन दिवस."

दिली! झोपेत देऊन मोकळी झाली!

आणि त्याच्या आधी जे बोलली ना… ते तुला सांगावं की नको… मागच्या आठवड्यात, पहाटे चारला, नऊ नंबरच्या खाटेचं इंजेक्शन ही सहा नंबरला द्यायला निघाली होती. भरून, दंड पुसून, सगळं. तो म्हातारा पेशंट म्हणाला, "सिस्टर, माझं तर मघाशीच झालं"… हो ना… नाही गं, दिलं नाही, काही झालं नाही. पण तो बोललाच नसता तर? झोपलेला असता तर?… "चिमणे, तेव्हापासून सुई धरली की माझा हात कापतो," म्हणाली. डोळे मिटलेले आणि त्यातून पाणी येतंय. माझ्या मांडीवरचं ताट सांडलं, मटार गेले पलंगाखाली. घरात कुणाला बोलली नव्हती अक्का. माझ्या पोराला नाही, मला नाही. मी मारे बेलच्या बॅटऱ्या काढत बसले, नि पोरगी एवढं मोठं मनात घेऊन त्या पलंगावर पडलेली.

मग काय… मग तिने मला विचारलं, "आई, तुम्ही होतात ना तिथे? मी काय बोलले?" आणि मी म्हटलं, "काही नाही गं, नुसतं हो मॅडम, हो मॅडम करत होतीस."

…माहीतंय मला! सतरा मिनिटं कोण हो मॅडम करतं? तिलाही पटलं नाही. पण तिला आठ वाजता ड्यूटीला निघायचं होतं अक्का. हे सगळं सांगितलं असतं तर रात्रभर हात अजून कापला असता… चुकलं माझं. चुकलं म्हणतेय ना! ती तिकडे जागी, मी इकडे जागी. काल आमच्या घरात दोन नाइट ड्यूट्या झाल्या.

आणि आज बारा वाजता त्या जागेसाठी नाव लिहून कागद वरच्या ऑफिसात जाणार. सकाळी ही सुटली तेव्हा मेट्रन आलेली नव्हती. थांबणार होती, पण उभ्या उभ्या डोळे मिटायला लागले. घरी येऊन मला म्हणाली, "आई, साडेअकराला उठवा हं, मला मेट्रनना फोन करायचाय."

किती वाजले आत्ता?… तुझ्या घड्याळात पण?… पावणेबारा. हो. पंधरा मिनिटं झाली.

उठवते गं… उठवते म्हणतेय ना. पण उठवलं की सांगावं लागणार. मी तिला उठवत नाहीये ती तिच्या झोपेसाठी की माझ्या भीतीने, ते माझं मलाच कळेना झालंय. तिचा फोन पण उशीखालून काढून आणलाय मी. इथे कमरेला खोचलाय.

अगं बाई, हे काय वर? थांब… अहो! अहो, वरच्या मजल्याचे! कसली ठोकाठोक?… फोटो टांगायचाय? मग इतकी वर्षं कुठे होता तो?… ट्रंकेत? अजून तीन तास राहू दे की ट्रंकेत. कंटाळणार नाही तो… हां, बोल. थांबले.

अक्का… अक्का, थरथरतोय. कमरेला थरथरतोय… मेट्रनच! नाव आलंय. तू ठेवू नको हं, लाइनवरच राहा, मला धीर हवाय. एका कानाला तू, एका कानाला ती.

हॅलो… हो… नाही, मी तिची सासू. आपण कोण?… काय?… काय म्हणालात?… अक्का, म्हणते, मी घड्याळ बोलतेय!… नाही, नाही मॅडम, तुम्हाला नाही, बहीण आहे दुसऱ्या फोनवर… आणि ते घड्याळ वगैरे ती आदरानेच म्हणते हो. वेळेच्या पक्क्या आहात म्हणून… हो… हो, झोपलीय. डोळे मिटून. कालपण मिटलेलेच होते मॅडम, तेच तर सांगायचंय, ते सगळं ती झोपेत… काय? तुम्हाला कळलं होतं?… मग फोन ठेवला का नाहीत?… हं… हं… अस्सं.

अक्का, ऐक. म्हणते, मी स्वतः अठरा वर्षं वॉर्डात काढलीत, झोपेत बोलणारी नर्स मला पहिल्या वाक्याला ओळखू येते. म्हणते, जागेपणी माझ्याशी कुणी खरं बोलत नाही. म्हणून ऐकत बसले.

हो मॅडम, आहे, आहे… काय? चिमणीचं नाव लिहू?… थांबा! लिहू नका! पेन खाली ठेवा आधी!… मी सांगते ना, मी रोज बघते तिला, तिला ती जागा… हं… नाही, बरोबर आहे तुमचं. मी कोण सांगणार. तिनेच सांगायला हवं. दोन मिनिटं द्या, मी उठवते… अगं बाई! तू? तू कधीची उभी आहेस दारात?

कशाने उठलीस गं? कुणी आवाज केला?… काय?… अक्का, म्हणते, घर इतकं गप्प होतं की वाटलं कुणाला तरी काहीतरी झालंय, म्हणून दचकून जाग आली! घ्या! मेली माझी शांतता!

हे बघ पोरी, मी एका दमात सांगते, मध्ये बोलू नको. काल मी खोटं बोलले. तू हो मॅडम, हो मॅडम केलं नाहीस. तू आमच्या तिघांची माहिती दिलीस, मेट्रनला घड्याळ म्हणालीस, तक्त्याला पत्ते म्हणालीस, त्या सहा नंबरच्या म्हातारबाबांचं सांगितलंस, आणि तुझी जागा चिमणीला देऊन टाकलीस. आणि आत्ता फोनवर त्याच आहेत, नि हे सगळं पुन्हा ऐकतायत… मला नंतर रागव. पोटभर रागव. हा घे फोन.

…अक्का, आहेस ना?… घेतला. भिंतीला टेकून उभी आहे… चेहरा कसला दिसतोय, केस सगळे पुढे. एका पायात मोजा… आता बोलली. "नमस्कार मॅडम"… "हो मॅडम"… "हो मॅडम"… बघ, आता खरंच करतेय हो मॅडम!… "सॉरी मॅडम"… अगं, सॉरी कशाला म्हणतेस!… बरं, मी गप्प. मी गप्प.

"नाही मॅडम."

अक्का, नाही म्हणाली… कशाला नाही ते कसं कळणार? थांब ना… थांब… ऐक, जसंच्या तसं सांगते. म्हणतेय, "मॅडम, झोपेतली मी फार मोठ्या मनाची आहे. जागेपणी मी तेवढी नाही. ती जागा मला हवीय."

…हो गं! अगदी अस्संच! माझ्या अंगावर काटा आलाय बघ… पुढे बोलतेय… "इंजेक्शनचं खरं आहे. झोपेत बोलले म्हणून खोटं धरू नका. हवं तर लिहून देते. काय चौकशी करायची ती करा, पण मला रात्री झोपू द्या. नाहीतर पुढच्या वेळी पेशंट बोलणार नाही"… नाही, रडत नाही. चांगली ताठ उभी आहे. रडतेय ती मी.

चिमणीचं?… ते पण बोलली. "चिमणीला मी स्वतः सांगेन. तिच्यासाठी पुढच्या वेळी भांडायला मीच येईन मॅडम, आणि ते जागी असताना."

आता पलीकडे बोलतायत… मला काय माहीत काय बोलतायत! एकच बाजू ऐकू येतेय ना, काल मजा वाटत होती, आज जीव चाललाय… अजून ऐकतेय… मान हलवतेय, पण कुठल्या बाजूला हलवतेय ते कळेना, झोपेत आहे ना अर्धी… "सोमवारी?"… "नऊ वाजता?"

अक्का!! सोमवार! नऊ वाजता!

हो, ओरडले! भर दुपारी बारा वाजता माझ्या जिन्यात मी ओरडले, कुणाची चोरी आहे?… काय हो वरचे? खिळा ठोकू का? ठोका! चार ठोका! अख्खं कुटुंब टांगा!

ठेवला, फोन ठेवला तिने. थांब, ती सांगतेय, मी तुला सांगते… तक्ता बदललाय! सगळ्यांचा! रात्रपाळीनंतर दोन पूर्ण सुट्ट्या, आणि घरी येण्याचा दिवस त्यात धरायचा नाही. आणि एकीलाही रात्रीनंतर लगेच सकाळपाळी लावायची नाही. काल फोन ठेवला नि बाईने संध्याकाळपर्यंत बसून नवा तक्ता लावला म्हणे… हो, चिमणीलाही तोच… नाही गं, चौकशी होणार. लेखी द्यावं लागणार, दोन जणांसमोर बसावं लागणार, ते काही सुटलं नाही. पण सुटायला नकोच म्हणते ती. म्हणते, आई, सांगून टाकलं नि हात हलका झाला.

आता?… आता माझ्या शेजारी येऊन बसलीय, पायरीवर. डोकं माझ्या खांद्यावर. वजन आहे गं पोरीच्या डोक्याला!… नाही, रागावली नाही. म्हणजे एकदा दंडाला चिमटा काढला, काल खोटं बोलल्याचा. बराच जोरात काढला. मग हसायला लागली, ती अजून हसतेय. मला पण हसवतेय.

अगं, आत जाऊन झोप ना… ऐकत नाही. काय म्हणतेस?… नीट बोल, तोंड माझ्या पदरात घालून काय बोलतेस… थांब अक्का, काहीतरी विचारतेय.

काय?

…अक्का, ऐकलंस का? विचारतेय, "आई, सोमवारपासून मी रोज रात्री घरी. मला एक सांगा, हे रात्री घोरतात का हो?"

अगं हो ना! नऊ वर्षं झाली लग्नाला, हिला पत्ताच नाही! घरी असेल त्या रात्री मेल्यासारखी पडते, छत अंगावर आलं तरी कळायचं नाही. मग ऐकणार कधी?… काय सांगू मी हिला? तुला तर माहीतंय माझ्या पोराचं. तुझ्याकडे मुक्कामाला आला तेव्हा तू त्याला तीनदा कुशीवर वळवलंस नि शेवटी उशी घेऊन स्वयंपाकघरात झोपायला गेलीस… हसू नको! मोठ्याने हसू नको, फोनमधून तिला ऐकू जाईल!

…छे गं पोरी! घोरतो कुठला! लहान बाळासारखा झोपतो.

अक्का, गप. एक शब्द बोलू नको. सोमवारपर्यंत तरी तिला निवांत झोपू दे… हो, हो… ठेवते. ठेव तू पण.